साइझिंग प्रेसमधून स्लॅब वाकडा निघतो, कॅलिब्रेशन केलं की सुधारतो, आठवड्यात पुन्हा तेच

तक्रार अशी असते. भट्टीतून आलेला स्लॅब, म्हणजे पोलादाची जाड गरम लादी, साइझिंग प्रेसमध्ये, म्हणजे स्लॅबची रुंदी दाबून कमी करणाऱ्या यंत्रात, सरळ शिरतो आणि बाहेर पडताना एका बाजूला वळलेला असतो. स्क्रीनवर मात्र दोन्ही बाजूंच्या डायची, म्हणजे दाबणाऱ्या ठोकळ्यांची, जागा अगदी बरोबर दिसते. शटडाउनमध्ये प्रेसचं कॅलिब्रेशन होतं, म्हणजे डायच्या जागेचं शून्य नव्याने धरलं जातं, चार-पाच दिवस स्लॅब नीट निघतात, आणि मग प्रेसनंतर स्लॅब लाटून पातळ करणाऱ्या रफिंग मिलच्या केबिनमधून पुन्हा फोन येतो. पुन्हा कॅलिब्रेशन. हे इतकं अंगवळणी पडतं की दर आठवड्याचं कॅलिब्रेशन देखभालीच्या वेळापत्रकातच जाऊन बसतं आणि मूळ बिघाड शोधायचं कुणाच्या मनातही येत नाही.

कॅलिब्रेशननंतर स्लॅब सुधारला, म्हणजे तो कॅलिब्रेशनमुळे सुधारला असं नाही. त्याच शटडाउनमध्ये डाय काढून साफ झालेल्या असतात, दाबाखाली तेल साठवणाऱ्या ॲक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजन भरलेला असतो, स्क्रूचं फिरणं मोजणाऱ्या एन्कोडरचं कपलिंग आवळलेलं असतं, स्लॅबला बाजूंनी रेषेत ठेवणाऱ्या साइड गाइडवर दोन हातोडे पडलेले असतात. श्रेय कॅलिब्रेशनला मिळतं, कारण नोंदवहीत तेवढंच लिहिलेलं असतं.

पुढचं सगळं क्रँकवर चालणाऱ्या आणि स्क्रू-नटने रुंदी बसवणाऱ्या प्रेसबद्दल आहे. पूर्ण हायड्रॉलिक रुंदी-जुळणी असेल तर स्क्रूचा भाग सोडून द्या, बाकीचं बऱ्यापैकी लागू पडेल.

मशीनबद्दल थोडक्यात

सतत ओतकामातून ठरावीक रुंदीचेच स्लॅब काढायचे आणि ऑर्डरप्रमाणे रुंदी गरम असताना कमी करायची, यासाठी हा प्रेस असतो. २०० ते २६० मिमी जाडीचा, सुमारे १२०० अंशांवरचा स्लॅब दोन्ही बाजूंनी डायमध्ये दाबला जातो. मोठ्या प्रेसमध्ये एकाच फेरीत ३०० ते ३५० मिमी रुंदी कमी होते. उभ्या रोलच्या एजरला एवढं जमत नाही. त्याचा दाब कडेपुरताच राहतो, कडा फुगतात, आणि पुढच्या आडव्या पासमध्ये तो फुगवटा चपटा झाला की कमावलेली बरीचशी रुंदी परत येते. लांब डायचा दाब स्लॅबच्या आतपर्यंत पोचतो, त्यामुळे परत येणारी रुंदी कमी असते.

दर ठोक्याला स्लॅब साधारण ४०० मिमी पुढे सरकतो. म्हणजे १० मीटरच्या स्लॅबला पंचवीसेक ठोके पडतात. मिनिटाला चाळीस-पन्नास ठोक्यांचा वेग धरला तर काम अर्ध्या मिनिटात उरकतं. तेवढ्या वेळात दोन हजार टनांच्या आसपासचा जोर पंचवीस वेळा येतो आणि जातो. जिथे किंचितशी ढिलाई आहे तिथे पंचवीस वेळा हादरा बसतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी खात्री करा की वाक प्रेसचाच आहे

वाकडेपणाची तक्रार रफिंग मिलकडून येते, आणि रफिंग मिल स्वतःही वाक निर्माण करू शकते. पहिल्या स्टँडच्या, म्हणजे लाटणाऱ्या रोलच्या पहिल्या संचाच्या, दोन बाजूंच्या गॅपमध्ये फरक असेल तर प्रेसमधून सरळ आलेला स्लॅबही वळतो. म्हणून प्रेस आणि पहिल्या स्टँडच्या मधल्या रोलर टेबलवर वरून बघणारा कॅमेरा असेल तर त्याचं रेकॉर्डिंग आधी काढा. कॅमेरा नसेल तर प्रेसमधून गेलेला आणि कुठल्याही कारणाने बाजूला काढलेला एखादा स्लॅब पूर्ण थंड होऊ द्या आणि त्याच्या कडेला पियानो वायर ताणून दर मीटरला अंतर मोजा. तोंडाकडे, मध्ये आणि शेपटीकडे रुंदीही मोजा. या एका स्लॅबचे आकडे वीस फोनांपेक्षा जास्त बोलतात.

थंड मोजमाप करताना एक भान ठेवायचं. प्रेसचा सेटपॉइंट गरम रुंदीचा असतो. १२०० अंशांवरचं पोलाद थंड झाल्यावर साधारण दीड टक्का आकसतं, म्हणजे १५०० मिमीवर वीस-बावीस मिमीचा फरक पडतो. हा हिशेब न करता 'प्रेस वीस मिमी चुकतोय' असा निष्कर्ष काढून दोन शिफ्टनी भांडणं केल्याची उदाहरणं कमी नाहीत.

वाक किती म्हणजे जास्त, याचाही अंदाज असू द्या. १० मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद स्लॅबची एक बाजू दुसरीपेक्षा फक्त १५ मिमी जास्त लांबली, तर शेपटीच्या रेषेत उभं राहून पाहिल्यावर तोंड सुमारे ५० मिमी बाजूला गेलेलं दिसतं. लांबीतला छोटा फरकही डोळ्यांना मोठा वाक म्हणून दिसतो.

वाक नीट वाचा

पाना हातात घेण्याआधी दोन-तीन दिवस नुसतं बघा आणि लिहून ठेवा. प्रत्येक वाकड्या स्लॅबसाठी एवढं हवं: वाक कुठल्या बाजूला, किती रुंदी कमी केली, वाक पूर्ण लांबीभर आहे की फक्त तोंडाला, आणि स्लॅब भट्टीच्या दाराशी किती वेळ थांबला होता.

फक्त तोंडाचा दीड-दोन मीटरचा भाग वळलेला असून पुढे स्लॅब सरळ असेल, तर साइड गाइड किंवा स्लॅब शिरतो त्या बाजूच्या पिंच रोलकडे, म्हणजे स्लॅब पकडून पुढे नेणाऱ्या रोलकडे, बघा. स्लॅब तिरपा शिरला, पहिले काही ठोके तिरपेच बसले, नंतर दोन्ही टोकांची पकड आल्यावर तो सरळ झाला, इतकी साधी गोष्ट असते. गाइडची मधली रेषा तपासा. पिंच रोल एका बाजूला जास्त झिजून निमुळता झाला आहे का तेही बघा, कारण निमुळता रोल प्रत्येक स्लॅब एकाच बाजूला ओढतो.

रुंदी जितकी जास्त कमी करावी तितका वाक वाढत असेल आणि मोजलेली रुंदी बरोबर असेल, तर तापमानाचा संशय घ्या. वाकासोबत रुंदीही सेटपॉइंटपेक्षा जास्त भरत असेल आणि स्लॅबची मधली रेषा नेहमी एकाच बाजूला सरकलेली असेल, तर डायची खरी जागा आणि स्क्रीनवरची जागा यांत तफावत आहे. ही जोडी, म्हणजे जास्त रुंदी आणि सरकलेलं मध्य, एकत्र दिसली की प्रेस उघडायची तयारी करा.

स्लॅब मधोमध वर उचलला जात असेल तर तो आजार निराळा. रुंद आणि पातळ स्लॅबला एकदम जास्त दाबलं की तो पोटातून फुगून वर येतो. तिथे वरून धरणाऱ्या रोलचा दाब आणि कपातीचं प्रमाण तपासायचं, त्याची या तक्रारीशी गल्लत करू नका.

भट्टीचं कारण यंत्राच्या कारणासारखंच दिसतं

दोन्ही डाय स्लॅबवर जवळपास सारखाच जोर लावतात. एक बाजू जास्त गरम असेल तर सारख्या जोराने ती जास्त दबते, जास्त लांबते, आणि स्लॅबचं तोंड थंड बाजूकडे वळतं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. म्हणून वाकडे स्लॅब एकाच भट्टीचे आहेत का ते बघितलं जातं, आणि सगळ्या भट्ट्यांचे स्लॅब एकाच बाजूला वळताना दिसले की भट्टीला क्लीन चिट मिळते.

ही क्लीन चिट घाईची आहे. वॉकिंग बीम भट्टीत स्लॅब आडवा पुढे सरकतो आणि त्याची एक लांब कड दाराकडे तोंड करून असते. मिल थांबली की दाराजवळचा स्लॅब त्या कडेने थंड होऊ लागतो. सगळ्या भट्ट्या रोलर टेबलच्या एकाच बाजूला उभ्या असतील, तर ती थंड कड टेबलवर नेहमी एकाच बाजूला, भट्टीपासून लांबच्या बाजूला येते. साहजिकच वाकही दर वेळी तिकडेच. प्रेसमध्ये कायमचा दोष असावा असंच चित्र दिसतं. म्हणून भट्टी क्रमांकाऐवजी थांबण्याच्या वेळेशी वाक ताडून बघा. लांब थांबलेले स्लॅब जास्त वाकडे आणि सलग धावणारे सरळ निघत असतील, तर प्रेसला हात लावायचं कारण नाही. स्लॅबवरची स्केलची पापडी पाण्याने उडवणाऱ्या डिस्केलरनंतर दोन्ही कडांवर तापमान मोजणारा पायरोमीटर धरून मिळालेला फरक हा याचा पक्का पुरावा.

भट्टीत स्लॅब ज्यांवर टेकतो त्या स्किडच्या खुणांना मात्र या बाबतीत दोष देता येत नाही. त्यांचे थंड पट्टे स्लॅबच्या रुंदीत आडवे पडतात आणि लांबीभर ठरावीक अंतराने येतात. त्याने रुंदी लाटेसारखी कमी-जास्त होईल, स्लॅब एका बाजूला वळणार नाही.

आता प्रेस: स्क्रीन काय मोजते आणि काय मोजत नाही

बहुतेक प्रेसवर डायच्या जागेचा आकडा स्क्रूच्या फिरण्यावरून येतो. एन्कोडर स्क्रूच्या मोटरला किंवा गिअरबॉक्सला जोडलेला असतो. त्याच्या पुढे नट, बेअरिंग, डायचा ब्लॉक, लायनर (झीज सोसणारी मधली पट्टी), मग डाय आणि शेवटी डायचा चेहरा. या साखळीतली कुठलीही ढिलाई किंवा झीज एन्कोडरला दिसत नाही. स्क्रीनवरचा आकडा स्क्रूचा आहे, डायच्या चेहऱ्याचा नाही. दोन्ही बाजू बरोबर दिसतात म्हणून यंत्र बरोबर आहे हा युक्तिवाद इथेच गळून पडतो.

ढिलाई एका बाजूला आवळून धरण्यासाठी बॅलन्स सिलिंडर असतात. ते डायच्या ब्लॉकला सतत मागे, स्क्रूकडे ओढून धरतात, म्हणजे स्लॅबचा जोर ज्या दिशेने येणार त्याच दिशेने सगळे सांधे आधीच टेकलेले राहतात. हा दाब कमी पडला की ब्लॉक तरंगू लागतो. ठोक्याच्या शेवटी वेगाने पुढे आलेला जड ब्लॉक ढिलाईइतका आणखी पुढे जातो, स्लॅबला टेकतो आणि हादरा देऊन मागे बसतो. रुंदी त्याने लगेच बिघडेल असं नाही, कारण जोर आल्यावर सांधे पुन्हा टेकतातच. नटचे दात आणि बेअरिंग मात्र प्रत्येक हादऱ्याने खाल्ले जातात.

याचा दगा कॅलिब्रेशनमध्ये होतो. डाय एकमेकींना हलकेच टेकवून शून्य धरण्याची पद्धत असेल आणि त्या क्षणी एका बाजूचा ब्लॉक पुढे तरंगत असेल, तर चुकीच्या जागेला शून्य ठरवलं जातं. समजा एका बाजूला ६ मिमी ढिलाई आहे. प्रत्यक्ष दाबताना ती डाय ६ मिमी मागे जाईल, रुंदी ६ मिमी जास्त भरेल आणि मध्य ३ मिमी त्या बाजूला सरकेल. वर सांगितलेली जोडी ती हीच. सरकलेल्या मध्यावर दाबलेला स्लॅब मागे आणि पुढे पिंच रोलमध्ये मूळ रेषेवर धरलेला असतो, मग तो वळणारच. पुढच्या कॅलिब्रेशनला बॅलन्सचा दाब नीट असला की शून्य बरोबर येतं आणि 'कॅलिब्रेशनने सुधारलं' म्हणून सगळे मोकळे होतात. म्हणून शून्य नेहमी जोर देऊन धरा, मशीनच्या पुस्तकात दिलेला जोर असेल तोच, आणि दोन्ही बाजूंचा बॅलन्स दाब त्याच वेळी लिहून ठेवा.

दाब तपासताना एक सापळा आहे. थांबलेल्या मशीनवर गेज नेहमी बरोबर दाखवतो. ॲक्युम्युलेटरमधला नायट्रोजन हळूहळू निघून गेला असेल तरी पंप सावकाश दाब चढवतोच. खरी परीक्षा ठोके पडत असताना होते, जेव्हा सिलिंडरला क्षणात तेल लागतं आणि ॲक्युम्युलेटरने ते पुरवायचं असतं. चालू असताना दाबाचा ट्रेंड काढा. एका बाजूचा दाब प्रत्येक ठोक्याला दुसऱ्या बाजूपेक्षा खोल पडत असेल तर त्या बाजूचा प्री-चार्ज, म्हणजे तेलाशिवायचा नायट्रोजनचा दाब, मोजा. मोजताना तेलाची बाजू पूर्ण रिकामी करूनच मोजा, नाहीतर मिळणारा आकडा तेलाच्या दाबाचा असतो, नायट्रोजनचा नाही. नायट्रोजनची हळू गळती असेल तर भरल्यावर काही दिवस सगळं छान चालतं. 'चार-पाच दिवसांनी पुन्हा' या तक्रारीत माझा पहिला संशय यावरच असतो.

दुसरा संशय स्क्रूवर. प्रेस वर्षानुवर्षं ठरावीक रुंदींच्या आसपासच चालतो, त्यामुळे स्क्रूचे दात त्या पट्ट्यातच झिजतात. डाय पूर्ण बंद करून शून्य धरताना नट स्क्रूच्या अशा भागावर असतो जो कधी फारसा वापरलाच गेलेला नाही. शून्य तिथे खरं, कामाच्या जागी खोटं. अशा वेळी कितीही काळजीने कॅलिब्रेशन करा, रुंदी चुकतच राहील. कामाच्या रुंदीच्या जवळपासचा मोजलेला ठोकळा मध्ये धरून तपासणी केली तरच हे उघडं पडतं.

शटडाउनमधली तपासणी

लॉकआउट-टॅगआउट (पुरवठा बंद करून कुलूप आणि पाटी लावणं), क्रँकला यांत्रिक अडसर, ॲक्युम्युलेटरचं तेल रिकामं करून गेज शून्यावर, डायच्या मध्ये माणूस जाण्याआधी हे तिन्ही. बॅलन्सचा दाब काढल्यावर ब्लॉक स्वतःहून सरकू शकतो हे विसरू नका.

मग फ्रेमवर डायल गेज बसवून त्याचं टोक डायच्या ब्लॉकवर टेकवा. जॅकने ब्लॉक स्लॅबच्या बाजूला ढकला, आकडा घ्या, मागे ढकला, आकडा घ्या. फरक म्हणजे त्या बाजूची एकूण ढिलाई. हेच कामाच्या रुंदीला आणि पूर्ण बंद स्थितीजवळ, दोन्ही बाजूंना करा. उत्पादकाने दिलेली मर्यादा असतेच, पण दोन बाजूंमधला आणि दोन जागांमधला फरक जास्त बोलका. कामाच्या जागी जास्त आणि बंद स्थितीत कमी, तर स्क्रूचे दात. दोन्हीकडे सारखीच जास्त, तर नट किंवा बेअरिंग.

डाय काढल्या असतील तर त्या ज्यावर बसतात ती बैठक बघा. डायच्या मागे स्केलची पापडी आणि ग्रीस मिळून असा थर जमतो की तो लायनरचाच भाग वाटतो. बैठक घासून चकचकीत करा, डाय आवळा आणि चारही कोपऱ्यांत फट मोजणाऱ्या फीलर गेजची सर्वांत बारीक पात घालून बघा. एका कोपऱ्यात पात गेली तर डाय तिरपी बसली आहे, आणि ठोक्यांच्या हादऱ्याने बोल्टही ढिले होणार आहेत. डायचा चेहराही ताणलेल्या तारेशी समांतर आहे का ते मोजा. उतरत्या भागाचा सपाट भागाशी जिथे सांधा आहे तिथे झीज सर्वांत जास्त असते. एका बाजूला नवी आणि दुसरीकडे जुनी डाय ही काटकसर करू नका, नेहमी जोडी बदला.

एन्कोडरच्या कपलिंगवर आणि शाफ्टवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. पुढच्या शटडाउनला रेघ तुटलेली दिसली तर कपलिंग घसरतंय. दोन मिनिटांचं काम आहे आणि एक अख्खा तर्क कायमचा निकालात निघतो.

दुरुस्तीचा आकडा फेकून देऊ नका

प्रत्येक कॅलिब्रेशनला शून्य किती हललं तो आकडा निघतो. बहुतेक ठिकाणी नवीन शून्य स्वीकारलं की जुना आकडा गायब होतो. घड्याळ मागे पडतं म्हणून रोज काटे फिरवायचे, पण ते किती मागे पडतं हे कधी बघायचं नाही, असा हा प्रकार. दोन्ही बाजूंचा आकडा चिन्हासकट वेगवेगळा लिहायला लागा.

सहा-सात नोंदी झाल्या की चित्र दिसू लागतं. दुरुस्ती दर वेळी एकाच दिशेने येत असेल तर झीज चालू आहे किंवा कपलिंग घसरतंय, आणि रंगाची रेघ या दोघांत निवाडा करेल. दुरुस्ती कधी अधिक कधी वजा अशी उड्या मारत असेल तर ढिलाई आणि कमकुवत बॅलन्स. आणि दुरुस्ती जवळजवळ शून्य असूनही शटडाउननंतर स्लॅब सरळ निघू लागला असेल, तर कॅलिब्रेशनचा काही संबंध नव्हता. त्या शटडाउनमध्ये आणखी कशाकशाला हात लागला होता ते विचारा. पुढच्या वेळी या गोष्टी एकदम न करता एकेक करा: एकदा फक्त नायट्रोजन, एकदा फक्त बैठकीची सफाई. उत्पादनवाले कुरकुर करतील, कारण त्यांना सगळं एकदम हवं असतं. पण सगळं एकदम केलं की नेमकं कशाने जमलं ते कधीच कळत नाही.

दोष सापडून दुरुस्त झाल्यावर सुरू करण्याआधी रफिंग मिलच्या ऑपरेटरला गाठा. वाकडे स्लॅब सरळ करण्यासाठी त्याने पहिल्या स्टँडच्या दोन बाजूंच्या गॅपमध्ये मुद्दाम फरक देऊन ठेवलेला असतो. त्याने वाक झाकला जातो, बदल्यात पट्टीची जाडी एका कडेला जास्त होते. तो फरक आधी काढायला सांगा. तो तसाच राहिला तर दुरुस्त प्रेसमधून आलेला सरळ स्लॅब रफिंग मिलमध्ये उलट बाजूला वळेल, आणि अर्ध्या तासात फोन येईल की प्रेस आता दुसऱ्या बाजूला बिघडलाय.